नव्या रिंगा टाकूनही इंजिन ऑइल खातंय? रनिंग-इन कुठे चुकलं ते असं शोधा

इंजिन बांधून झालं. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मारून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेडचंही काम केलेलं. तरीही हजार किलोमीटरच्या आत डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेला टेकते, चढावर रेस दिली की आरशात निळसर धूर दिसतो आणि ऑइलचं झाकण उघडलं की भसाभस वाफ येते. मग पुन्हा इंजिन खोलायचं, पुन्हा रिंगा टाकायच्या, आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार. अशा गाड्यांमध्ये रिंगा बहुतेक वेळा चांगल्या असतात. दोष असतो तो बोअरच्या पृष्ठभागात, किंवा इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत, म्हणजे रनिंग-इनच्या सुरुवातीलाच. रनिंग-इन म्हणजे नवे भाग एकमेकांशी घासून नीट बसेपर्यंतचं चालवणं.

इंजिन काम झालं की एक सल्ला हमखास मिळतो: "पहिले हजार किलोमीटर गाडी एकदम हळू चालवा, जोर देऊ नका." यातला अर्धा भाग बरोबर आहे. वेग कमी ठेवायचा, हे खरं. पण भार द्यायचाच नाही, हे साफ चूक आहे आणि ऑइल खाणारी बरीचशी नवी इंजिनं याच सल्ल्याने तयार होतात.

रिंग बसते म्हणजे काय होतं?

रिंगला स्वतःचा जो ताण असतो, तो तिला बोअरच्या भिंतीला जेमतेम टेकवून ठेवतो. खरा दाब येतो ज्वलनाच्या वायूचा. हा वायू वरच्या रिंगच्या आणि खाचेच्या मधल्या फटीतून आत शिरतो, रिंगच्या पाठीमागे पोचतो आणि तिला भिंतीवर दाबतो. जितका थ्रॉटल उघडा, तितका हा दाब जास्त. पाय हलका ठेवला तर दाब येत नाही आणि रिंग ऑइलच्या थरावरून नुसती तरंगत राहते.

भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे फिरत्या दगडांनी घासून पाडलेल्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. त्या रेघांचे माथे रिंगच्या धारेबरोबर घासून सपाट व्हायला हवेत आणि खोलगट भागात ऑइल टिकून राहायला हवं. हे घासणं पहिल्या काही किलोमीटरांतच सर्वांत जोरात होतं, कारण तेव्हाच माथे धारदार असतात. त्या वेळी दाब मिळाला नाही तर वायू रिंगच्या कडेने खाली निसटतो, भिंतीवरचं ऑइल जाळतो आणि त्या जळक्या ऑइलचा कडक थर रेघांच्या खोलगट भागात भरतो. भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. गॅरेजमध्ये याला 'बोअर ग्लेझ झाला' म्हणतात. एकदा हे झालं की रिंगला घासायला काही उरतच नाही. मग ती पुढे कितीही किलोमीटर चालली तरी बसत नाही.

डिझेल इंजिनांत हा दोष जास्त दिसतो. डिझेल गाडी तासन् तास न्यूट्रलमध्ये धडधडत ठेवली की ज्वलनाचा दाब आणि तापमान दोन्ही कमी राहतात आणि ग्लेझिंगला आयतं आमंत्रण मिळतं.

आधी खात्री करा: दोष रिंगचाच आहे का?

खोलण्याआधी मोजमाप करा. नव्या इंजिनात पहिले काहीशे किलोमीटर थोडं ऑइल जाणं आणि थोडं बॅक कॉम्प्रेशन (रिंगांच्या कडेने खाली निसटणारा वायू) असणं स्वाभाविक आहे. पाहायचं ते इतकंच, की ते कमी होत चाललंय का. त्यासाठी वही ठेवा. गाडी सपाट जागी उभी करा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पाहा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर घालावं लागलं ते लिहा. दर २०० किलोमीटरला, त्याच जागी, त्याच पद्धतीने. पहिल्या खेपेला १५० मिलि, मग १००, मग ६० असे आकडे उतरत असतील तर इंजिनाला हात लावू नका, त्याचं काम व्यवस्थित चाललंय. आकडा हलतच नसेल किंवा वाढत असेल, तर पुढे वाचा.

धूर कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना एक झोत निघून धूर थांबतो, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा रेस देताच धूर येतो, तर संशय वॉल्व्ह सील आणि गाइडवर घ्या. भार देताना, चढावर, सलग धूर येतो तेव्हा रिंगा. टर्बो असेल तर इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइलचा ओलसर लेप हलकासा असतोच, पण तळाशी ऑइल साचलं असेल तर टर्बोच्या सील आणि त्याची ऑइल परतीची नळी आधी तपासा. पांढरा, टिकून राहणारा, गोडसर वासाचा धूर हा कूलंटचा असतो. तो विषय हेड गॅस्केटचा, इथला नाही.

ब्रीदरकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. क्रँककेसमधली (क्रँकभोवतीच्या पोकळीतली) वाफ इनटेककडे नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह अडकला किंवा नळी चोंदली की तिथे दाब वाढतो, सील गळतात आणि ऑइल ढकललं जातं. वॉल्व्ह उघडाच अडकला तर इंजिन ऑइलची वाफ सरळ ओढून घेतं. जुना वॉल्व्ह हलवल्यावर आतली गोळी खुळखुळायला हवी. नवं इंजिन आणि जुना, काळ्या चिकट थराने भरलेला ब्रीदर, ही जोडी फार ठिकाणी सापडते.

पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन तोडलेलं, बॅटरी पूर्ण भरलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्यात चमचाभर म्हणजे साधारण ५ मिलि ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा झटकन वर गेला तर गळती रिंगांतून होती, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. डिझेलमध्ये ही ओली चाचणी करू नका. तिथे ज्वलनकक्षाची जागा फार लहान असते आणि टाकलेलं ऑइल दाबाने पेट घेऊ शकतं.

आता एक फसवी गोष्ट. कॉम्प्रेशन उत्तम आहे, सगळे सिलिंडर सारखे आहेत, आणि तरी ऑइल जातंय. याचा अर्थ रिंगा ठीक आहेत असा होत नाही. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली आणते ती तिसरी, ऑइल रिंग. तिच्या मधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढली असतील तर कॉम्प्रेशनच्या आकड्यात काहीच दिसत नाही. अशा वेळी प्लग पाहा. चारपैकी एकच प्लग ऑइलने ओला आणि काळा निघाला तर त्या एका सिलिंडरमध्ये जुळणीची चूक आहे. चारही सारखेच ओलसर असतील तर ग्लेझिंग, होनिंग किंवा ब्रीदर.

हवेच्या दाबाने गळती मोजायचं साधन हाताशी असेल तर त्याहून पक्कं निदान नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, क्रँक फिरणार नाही याची तजवीज करा, कारण हवा सोडताच तो जोरात फिरतो आणि हात जायबंदी होऊ शकतो. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन चांगलं, २० च्या वर गेली तर दुखणं आहे. मग कान लावा: ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

खोलण्याआधी एक संधी द्या

इंजिन नुकतंच बांधलेलं असेल, पाचशे-सातशे किलोमीटरच झाले असतील आणि ते सगळे हलक्या पायाने झाले असतील, तर रिंगा अजूनही बसू शकतात. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) सिंथेटिक ऑइल असेल तर ते काढा, नवा फिल्टर लावून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचं साधं मिनरल ऑइल भरा. घर्षण कमी करणारी कुठलीही बाटली वरून ओतू नका. आपल्याला या टप्प्यावर घर्षण हवंय.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळा रस्ता गाठा. तिसरा किंवा चौथा गिअर, २००० आरपीएम. तिथून अर्धा ते पाऊण थ्रॉटल देऊन ३५०० पर्यंत न्या. मग पाय पूर्ण सोडा, क्लच दाबू नका, आणि इंजिनाच्याच ओढीवर गाडी २००० पर्यंत उतरू द्या. डिझेलला १५०० ते २८०० ची पट्टी पुरते. असं दहा-बारा वेळा करा, मधे दोन-तीन मिनिटं साधं चालवा, पुन्हा करा. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरात अडकवून ठेवा, नाहीतर पाय दाबताच ती गिअर उतरवून आरपीएम भलतीकडे नेते.

पाय सोडण्याचा भाग गाळू नका. थ्रॉटल बंद असताना पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, त्यामुळे खालून ऑइल वर ओढलं जातं, रिंगची धार थंड होते आणि घासून निघालेली बारीक धातूची पूड धुतली जाते. नुसता जोर देत राहिलात तर त्याच ठिकाणी उष्णता साठते.

तीन-चार दिवस असं चालवून, पुढच्या ५०० किलोमीटरांत वहीतले आकडे उतरले तर काम झालं. एकूण दीड हजार किलोमीटर होऊनही फरक नसेल, तर आशा सोडा आणि खोला. इनटेकमधून घासणारी पूड सोडून ग्लेझ काढण्याचा एक जुना प्रकार अजून ऐकू येतो. तो करू नका. ती पूड बोअरपाशी थांबत नाही, ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते.

खोललंच आहे तर हे पाहा

हेड उतरवल्यावर टॉर्च बोअरमध्ये तिरपी धरा. रेघा स्पष्ट दिसायला हव्यात, स्पर्शाला अगदी किंचित खरखरीत. त्याऐवजी तपकिरी झाक असलेली चकाकी दिसली, नख फिरवलं तर अडखळतच नाही, तर तो ग्लेझ. उभे ओरखडे दिसले तर गोष्ट वेगळी: तिथे कचरा होता, किंवा रिंगची टोकं गरम झाल्यावर एकमेकांवर आदळली.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण इथे सापडतं. दुसऱ्या खेपेला होनिंग न करता नुसत्या रिंगा बदललेल्या असतात. गुळगुळीत भिंतीवर नव्या रिंगा कधीच बसणार नाहीत, त्या कितीही महाग असोत. बोअर मोजा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. निमुळतेपणा किंवा अंडाकृतीपणा ०.१ मिमीच्या आसपास गेला असेल तर होनिंगनेही भागत नाही, ओव्हरसाइझ बोअर करावा लागतो. माप मर्यादेतच असेल तर रेघा ४५ ते ६० अंशांत छेदतील अशा बेताने होन चालवा. होन हळू वर-खाली केला तर रेघा आडव्या पडतात आणि ऑइल जास्त धरून ठेवतात, फार वेगाने केला तर उभ्या पडतात आणि ऑइल सरळ खाली वाहून जातं. होनच्या दगडाचा ग्रिट, म्हणजे बारीकपणाचा आकडा, रिंगच्या जातीप्रमाणे निवडा. साध्या बिडाच्या किंवा क्रोम रिंगांना २२० च्या आसपासचा, मॉलिब्डेनमचा लेप असलेल्यांना त्याहून बारीक, २८० ते ४०० पर्यंतचा. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असेल तर साधा होन लावूच नका.

आता धुणं. याबद्दल जितकं सांगावं तितकं थोडं. होनिंगनंतर बोअर केरोसीनने किंवा पेट्रोलने पुसून इंजिन बांधायला घेतात, आणि तिथेच नव्या रिंगांचं आयुष्य संपतं. केरोसीन होनिंगचं तेल पातळ करतं, दगडाचे कण मात्र रेघांमध्येच बसून राहतात. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ताठ केसांचा ब्रश, हेच लागतं. फेस येईपर्यंत घासा, धुवा, कोरडं करा. मग पांढरं सुती फडकं इंजिन ऑइलमध्ये भिजवून बोअरच्या भिंतीवरून फिरवा. फडक्यावर राखाडी डाग आला की पुन्हा साबण-पाणी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला फडकं स्वच्छ निघतं, तेव्हाच थांबा. आणि लगेच ऑइलचा हात फिरवा, कारण उघडं बीड काही मिनिटांत गंजायला लागतं.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरळ ढकला आणि फीलर गेजने टोकांमधली फट मोजा. ढोबळ हिशेब दर २५ मिमी बोअरला ०.१ मिमी, म्हणजे ७५ मिमीच्या बोअरला ०.३० मिमी. टर्बोला थोडी जास्त. अंतिम शब्द रिंगच्या पाकिटावरचा किंवा मॅन्युअलचा. फट कमी असेल तर रिंगची टोकं गरम झाल्यावर भिडतात आणि बोअर फाडतात. जास्त असलेली फट त्या मानाने कमी घातक.

दुसऱ्या रिंगवरचा ठिपका किंवा अक्षर वरच्या बाजूला हवं. ही रिंग तिरप्या धारेची असते. उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी दर फेरीला वर ढकलते, आणि बाकी सगळं अचूक असूनही इंजिन धूर मारतं. सगळ्या रिंगांच्या टोकांमधल्या फटी एका रेषेत ठेवू नका.

पुन्हा पहिल्यांदा चालू करताना

कार्बोरेटर असेल तर ढोबळ सेटिंग, टायमिंग, कूलंट, बेल्टचा ताण, सगळं चालू करण्याच्या आधी उरकून घ्या. गॅरेजमध्ये तास-दीड तास आयडलवर ठेवून ट्यूनिंग करणं, हीच ती ग्लेझिंगची सुरुवात.

फिल्टर उभा बसत असेल तर ऑइलने भरून लावा. प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मधे मोटर थंड होऊ द्या. दाबाचा दिवा विझला किंवा काटा हलला की प्लग लावा. दिवा विझत नसेल तर पंपाने ऑइल धरलेलं नाही. तसंच चालू करू नका, बेअरिंगं काही सेकंदांत जातात.

चालू झाल्यावर कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणत्या प्रकारचा आहे यावर पुढचं ठरतं. सपाट तळाचे टॅपेट (कॅमची हालचाल वॉल्व्हकडे पोचवणारे तुकडे) थेट कॅमवर घासणारं जुन्या बांधणीचं इंजिन असेल आणि कॅम-टॅपेट नवे असतील, तर लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि २० मिनिटं थोडं वर-खाली करत तिथेच ठेवा. आयडलवर अजिबात आणू नका. या कॅमला ऑइल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं आणि कमी फेऱ्यांवर ते पुरेसं पोचत नाही. ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं मिश्रण भरपूर असलेलं हवं. रोलर टॅपेटच्या इंजिनाला हा सोहळा लागत नाही. १५०० वर गळती, दाब, तापमान पाहा आणि गरम होताच रस्त्यावर काढा.

तापमानाचा काटा सुरुवातीला किंचित वर राहील, घर्षण जास्त असतं. पण झपाट्याने चढला तर बहुधा कूलंटमध्ये हवा अडकलीय. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, हीटर गरमवर ठेवून, गाडीचं नाक उंचावून, वरचा होज दाबत-सोडत पुन्हा भरा.

मग वर सांगितलेली दहा-बारा खेचणी त्याच दिवशी करा. पुढचे ५०० किलोमीटर एकाच वेगाने लांब पल्ला मारू नका, टॉप गिअरात १५०० च्या खाली इंजिन घुसमटवू नका, ओढगाडी जोडू नका, आणि आरपीएम लाल पट्टीच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवा. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीला इतकं करावं लागत नाही, कारण तिथे बोअरचे माथे आधीच सपाट करून येतात. म्हणून त्या गाड्यांना पहिल्या दिवसापासून सिंथेटिक चालतं. गॅरेजमध्ये बांधलेल्या इंजिनाला तो नियम लावू नका.

पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० ते १०० किलोमीटरांत बदला, दुसरं ५०० ला, तिसरं १५०० ला. वहीतला आकडा स्थिर झाल्यावरच सिंथेटिक. पहिला फिल्टर फेकू नका, कापा. हॅकसॉने नको, तिचाच कीस आत पडून फसवेल. पत्रा कापायच्या कटरने कापा, आतला घडीचा कागद पिळून पांढऱ्या कागदावर उन्हात पसरा. राखाडी, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारी पेस्ट अपेक्षितच आहे. चुंबकाला चिकटणाऱ्या सुयांसारख्या काड्या रिंगकडे किंवा कॅमकडे बोट दाखवतात. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी तुकडे बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा पिस्टनचे असतात. तांबूस कण दिसले तर बेअरिंग तांब्याच्या थरापर्यंत गेलंय. तशी गाडी एक किलोमीटरही पुढे न चालवता चेंबर उतरवा.

५०० च्या बदलाबरोबर, इंजिन थंड असताना, टॅपेटच्या फटीही पुन्हा मोजा. नवे वॉल्व्ह सीटमध्ये बसले की त्या कमी होतात. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे का, ते गॅस्केटच्या जातीवर आहे: जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला बहुधा लागतं, अनेक पत्र्यांच्या स्टील गॅस्केटला आणि अंशात आवळायच्या बोल्टना हात लावायचा नाही.